दाराला तोरण, दारावर पाटी, दारात रांगोळी : मराठी रूपांचा अर्थनकाशा कसा काढायचा

तोरण दाराला असतं, पाटी दारावर, रांगोळी दारात. दार तेच, पण तीन वस्तूंसाठी तीन रूपं, आणि मराठी घरात वाढलेलं मूल शाळेत जायच्या आधीच ही बरोबर वापरायला लागतं. आपण व्याकरणाचं पुस्तक उघडलं तर विभक्तींचा तक्ता मिळतो. द्वितीयेला स, ला, ते. चतुर्थीला पुन्हा तेच स, ला, ते. सप्तमीला त, ई, आ. 'वर' तर त्या तक्त्यातच नाही, ते शब्दयोगी अव्यय. कोणतं रूप कोणत्या खणात बसतं एवढं तक्ता सांगतो. ते अर्थाच्या मुलखात कुठपर्यंत पसरलंय आणि कुठे थांबतं, हे पाहायचं तर नकाशाच काढावा लागतो.

हा लेख तो नकाशा पहिल्यांदाच काढणाऱ्यांसाठी आहे. भाषाविज्ञान शिकलेलं असायची गरज नाही. कोरे कागद, तीन-चार रंगीत पेन्सिली, फोन आणि प्रश्न विचारले तर वैतागणार नाहीत अशी चार माणसं एवढं पुरतं.

आधी एक खुलासा

'अर्थनकाशा' या नावाने तीन निरनिराळ्या गोष्टी चालतात. वर्गात फळ्याच्या मधोमध 'पाणी' लिहून भोवती नदी, विहीर, तहान, पाऊस अशा फांद्या काढतात, तो एक. घरात फिरणाऱ्या यंत्रमानवाकडे नुसता अडथळ्यांचा आराखडा नसतो. 'हा ओटा, ओटा स्वयंपाकघरात, ओट्यावर कप' अशी ओळख त्या आराखड्यावर चढवलेली असते, तो दुसरा. तिसरा भाषावैज्ञानिकांचा, आणि आपण काढणार आहोत तो हाच. यात ठिपका म्हणजे एक अर्थ किंवा एक प्रसंग. दोन ठिपक्यांमधली रेघ म्हणजे ते अर्थ शेजारी आहेत. एखादं रूप ज्या-ज्या ठिपक्यांना चालतं त्या सगळ्यांभोवती एक कडं.

नियम एकच: कडं सलग असलं पाहिजे. एक ठिपका इकडे, एक तिकडे आणि मधल्या वाटेवर कडं तुटलेलं, असं झालं तर नकाशा चुकला. भाषावैज्ञानिक विल्यम क्रॉफ्ट यांनी २००१ साली हा सलगतेचा नियम नाव देऊन मांडला. पद्धत त्याआधीची आहे. मार्टिन हास्पेलमाथ यांनी १९९७ साली 'कोणीतरी', 'काहीही' अशा अनिश्चित सर्वनामांचा नकाशा ४० भाषांवरून काढला, तेव्हा त्यांना फक्त ९ ठिपके लागले.

फळ्यावरची फांद्यांची चित्रं मला म्हणूनच फारशी पटत नाहीत. त्यात काहीही कशालाही जोडता येतं, त्यामुळे ती कधी चुकतच नाहीत. आपला नकाशा चुकू शकतो. एका नव्या भाषेतलं एक वाक्य तो मोडू शकतं. सगळी मेहनत घ्यायची ती यासाठी.

पायरी पहिली : शब्दांपासून नको, प्रसंगांपासून सुरुवात करा

नवशिक्यांचा पहिला मोह असतो शब्दकोश उघडून 'वर' या नोंदीखालचे अर्थ उतरवून घेण्याचा. तो टाळा. कोशातले अर्थ आधीच कुणीतरी आपल्या समजुतीने वाटून ठेवलेले असतात. प्रसंग गोळा करा. एक वस्तू, एक आधार आणि त्या दोघांमधलं नातं डोळ्यांना दिसलं पाहिजे.

यासाठी तयार चित्रं आहेत. नेदरलँड्समधल्या नाइमेखन इथल्या माक्स प्लांक भाषा-मानसशास्त्र संस्थेत मेलिसा बोवरमन आणि एरिक पेडरसन यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ७१ रेखाचित्रांचा संच केला. प्रत्येक चित्रात एक वस्तू पिवळी रंगवलेली असते आणि सांगणाऱ्याला एवढंच विचारायचं: ही कुठे आहे? टेबलावरचा कप, वाडग्यातलं सफरचंद, टॉवेलला पडलेलं भोक, कपाला गेलेला तडा. जगभरच्या अनेक भाषांसाठी तीच चित्रं वापरली गेली, म्हणून तुलना करता येते.

पण पहिल्या खेपेला ७१ चित्रं घेऊ नका, माणसं कंटाळतात. या सहांपासून सुरुवात करा. बोवरमन यांच्या मांडणीतही हेच कळीचे प्रसंग आहेत.

१. टेबल आणि कप
२. गुडघा आणि चिकटपट्टी
३. भिंत आणि चित्र
४. दार आणि मूठ
५. फांदी आणि तिला लागलेलं फळ
६. वाडगं आणि त्यातलं सफरचंद

फोनवर सहा फोटो काढा. प्रत्येक फोटोत एकच वस्तू ठळक दिसू द्या. सफरचंदाऐवजी कांदा चालेल.

पायरी दुसरी : विचारताना उत्तर हातात देऊ नका

प्रश्न असा: "मूठ कुठे आहे?" असा नव्हे: "दाराला काय आहे?" दुसऱ्या प्रश्नात 'ला' तुम्हीच पुरवला. "कप टेबलावरच आहे ना?" हाही बाद. आणि "तुम्ही 'भिंतीवर' म्हणता की 'भिंतीला'?" असं तर अजिबात विचारू नका, माणूस लगेच शाळेतल्या बाईंना आवडेल ते उत्तर देतो.

पहिलं उत्तर जसंच्या तसं लिहा, क्रियापदासकट. चित्राच्या बाबतीत "भिंतीवर आहे" आणि "भिंतीला टांगलंय" ही दोन्ही उत्तरं येतात आणि ती एकच नव्हेत. 'टांगलंय', 'चिकटवलंय', 'लावलंय' अशी क्रियापदं आली की 'ला' पुढे सरसावतो, नुसतं 'आहे' असलं की 'वर'ला जास्त वाव मिळतो. क्रियापद गाळलंत तर हा फरक कायमचा हरवला.

पहिल्या उत्तरानंतर "आणखी कसं म्हणता येईल?" विचारा आणि ते वेगळ्या रकान्यात लिहा. शेवटी तुम्ही स्वतः एखादं वाक्य पुढे करून "हे कानाला कसं वाटतं?" विचारू शकता. 'झाडाला पक्षी बसलाय' म्हणून पाहा. मराठी माणूस तोंड वाकडं करतो. 'झाडाला कैऱ्या लागल्यात' मात्र बिनतक्रार चालतं. जे चालत नाही तेही तेवढ्याच काळजीने लिहा. नकाशावर कड्याची सीमा त्यानेच ठरते.

माणसाची नोंद करताना नाव नको, आद्याक्षर पुरे. वय, गाव, घरात बोलली जाणारी भाषा आणि येत असलेल्या इतर भाषा मात्र हव्यात. वऱ्हाडातला माणूस 'मले' म्हणेल, मालवणचा 'माका'. रूप बदललं म्हणून पसारा बदलतोच असं नाही, पण आधीच गृहीतही धरू नका.

दाराबद्दल सावध राहा. 'दारावर पाटी' म्हणताना दार म्हणजे लाकडी फळी. 'दारात रांगोळी' म्हणताना दार म्हणजे उंबऱ्यापुढची जागा. आधाराचा अर्थच बदलला, तेव्हा या दोन वाक्यांवरून 'वर' आणि 'त' यांची थेट तुलना होत नाही. लेखाचं शीर्षक आकर्षक आहे, पुरावा म्हणून कच्चं आहे. भिंत, झाड, हात असे आधार जास्त भरवशाचे.

पायरी तिसरी : तक्ता

कागदावर सहा ओळी आणि रूपाला एक रकाना. चालतं तिथे फुली, नाखुशीने चालतं तिथे अर्धी फुली. बोलणाऱ्यांनुसार थोडा फरक पडेल, पण मराठीचा तक्ता साधारण असा येतो: 'वर' पहिल्या आणि तिसऱ्या प्रसंगाला बिनशर्त, 'ला' दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंत, 'त' फक्त सहाव्याला. दुसऱ्या आणि पाचव्याला 'वर'ची अर्धी फुली बऱ्याच जणांकडून येईल. नकाशा काढताना आधी पूर्ण फुल्या घ्या.

आता शेजारी चार परक्या भाषा मांडा. इंग्रजी 'ऑन' पहिल्या पाचांना, 'इन' सहाव्याला. डच 'ओप' १ आणि २ ला, 'आन' ३, ४, ५ ला, 'इन' ६ ला. स्पॅनिश एकटा 'एन' घेऊन सगळं निभावते. फिनिशचं वळण वेगळं: कप आणि चित्र यांना '-ल्ला', उरलेल्या चौघांना म्हणजे चिकटपट्टी, मूठ, फळ आणि वाडग्यातलं सफरचंद यांना '-स्सा', जो एरवी 'आत' सांगणारा प्रत्यय. फिनिश माणसाच्या लेखी दाराची मूठ जवळजवळ दाराच्या आतच आहे.

पायरी चौथी : रेघा

इथे घाई केली की सगळं फसतं. सहा ठिपके गोलाकार मांडा, क्रमांक घाला, पेन्सिलीने हलक्या रेघा ओढा.

ज्या रूपाला फक्त दोनच ठिपके आहेत त्यापासून सुरुवात करायची, कारण तिथे पर्यायच नसतो. डच 'ओप' फक्त १ आणि २ ला चालतो, म्हणून १–२ रेघ पक्की. फिनिश '-ल्ला' आणि आपला बिनशर्त 'वर' फक्त १ आणि ३ ला, म्हणून १–३ पक्की.

मग तीन ठिपक्यांचं रूप: डच 'आन', ३, ४, ५. यांना सलग ठेवायला दोन रेघा लागतील. मी ३–४ आणि ४–५ घेतो. टांगलेलं, ठोकून बसवलेलं आणि उगवलेलं असा तो क्रम अर्थालाही पटतो.

आता '-स्सा' : २, ४, ५, ६. यात ३ नाही, म्हणून २ ला ३ च्या मार्गाने बाकीच्यांपर्यंत जाता येत नाही. २ ला ४ शी जोडलं की काम होतं. ६ ला ५ शी जोडा. मराठी 'ला' घेऊन तपासा: २, ३, ४, ५. २–४, ३–४, ४–५ या रेघा आहेतच, कडं सलग आलं, नवी रेघ लागली नाही. 'ऑन' आणि 'एन' तपासा, तेही बसतात.

एकूण सहा रेघा. आकृती येते ती अशी: १, २, ४, ३ यांचा चौकोन आणि ४ पासून ५, ६ अशी निघालेली शेपटी. डच आणि इंग्रजी एवढ्यांवरच थांबलो असतो तर एक ते सहा सरळ रेषा पुरली असती आणि ती दिसायलाही सुबक. मराठीतल्या भिंतीवरच्या चित्राने आणि फिनिशने ती मोडली, कारण सरळ रेषेत १ आणि ३ च्या मध्ये २ येतो आणि 'वर' त्याला टाळून जातो.

रेघ ओढण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: ही रेघ नसेल तर कुठल्या भाषेतलं कुठलं रूप तुटेल? उत्तर देता आलं नाही तर रेघ खोडा. 'जवळचे वाटतात' हे कारण नव्हे. कमीत कमी रेघांमध्ये सगळी कडी सलग राहिली पाहिजेत. सगळे ठिपके सगळ्यांना जोडले तर कुठलंच कडं तुटणार नाही, पण मग नकाशा काहीच सांगणार नाही.

ठिपके वीसच्या पुढे गेले की हे हाताने जमत नाही. टेरी रेगियर, नवीन खेतरपाल आणि आसिफा मजीद यांनी २०१३ साली दाखवलं की कमीत कमी रेघांचा नकाशा शोधणं संगणकालाही सोपं नाही. रोगाच्या साथी कुणाकुणाला लागल्या यावरून कोण कुणाच्या संपर्कात होतं हे ओळखायचं जे गणित, तेच हे. नेमकं सर्वोत्तम उत्तर काढायचं तर वेळ आवाक्याबाहेर जातो, पण दर खेपेला सर्वांत जास्त कामाची रेघ निवडत गेलं तर जवळपास तेवढंच चांगलं उत्तर मिळतं. पायथन ही संगणकाची भाषा येत असेल तर ते स्वतः लिहून पाहण्यासारखं आहे. नसेल तर सहा-सात ठिपक्यांवर राहा.

पायरी पाचवी : अंगावरचे कपडे आणि दागिने

सहा प्रसंग जमले की मराठीसाठी सर्वांत सकस कोपरा हा. यादी करा: बोटात अंगठी, नाकात नथ, हातात बांगड्या, पायात पैंजण, पायात चपला, गळ्यात माळ, अंगात शर्ट. इथपर्यंत सगळं 'त'. मग अंगावर शाल, डोक्यावर पदर, डोळ्यांवर चष्मा, खांद्यावर उपरणं. आणि मग कमरेला पट्टा, कपाळाला कुंकू, पायाला बँडेज, दंडाला ताईत.

अंगठी बोटाच्या आत नसते, उलट बोटच अंगठीच्या आत असतं. शर्टाचंही तसंच. म्हणजे 'त' इथे भांड्यातल्या सफरचंदासारखा 'आत' सांगत नाही. ज्या वस्तूत तो अवयव शिरतो, ती वस्तू त्या अवयवा'त', असा हा उलटा हिशेब आहे. नथ आणि कुडी टोचून आत जातात, त्यांचं ठीक आहे. अंगठीचं स्पष्टीकरण तेवढ्याने होत नाही.

पैंजण आणि बँडेज यांची जोडी घ्या. दोन्ही पायाभोवती वेढलेली. तरी पैंजण पायात आणि बँडेज पायाला. शर्ट आणि शाल यांचंही पाहा: शर्टात शरीर शिरतं, शाल वरून पडते, म्हणून एक अंगात आणि दुसरी अंगावर. पट्टा कमरेभोवती असूनही कमरेला, कारण तो आवळून बांधलेला. माझा अंदाज असा की मराठी इथे आकार बघत नाही. वस्तू तिथे कशी गेली ते बघते: अवयव सरकवून घातलेली असेल तर 'त', बांधली-चिकटवली-लावली असेल तर 'ला', नुसती ठेवली-ओढली असेल तर 'वर'. घालणं, लावणं, ठेवणं या तीन क्रियापदांशी ही तीन रूपं जवळपास जोडीने चालतात.

हा अंदाज मोडायचा प्रयत्न करा. मनगटी घड्याळ बांधतात तरी 'हातात घड्याळ' ऐकू येतं. राखी बांधतात, हाताला की हातात? टोपी घालतात तरी डोक्यावर असते, पण 'डोक्यात टोपी घाल' म्हणणारी माणसं आहेत. चष्मा घालतात की लावतात, आणि 'डोळ्यांना चष्मा लागला' याचा अर्थ वेगळाच का होतो? या वस्तूंचे फोटो काढून आजीला आणि नातीला वेगवेगळं बसवून विचारलंत तर दोन पिढ्यांची कडी शेजारी ठेवून पाहता येतील. माझ्या मते महाराष्ट्रातल्या कुठल्याही महाविद्यालयात करता येण्याजोगा हा उत्तम छोटा प्रकल्प आहे.

पायरी सहावी : 'ला' जागा सोडून निघतो

आता नवा कागद घ्या आणि एकट्या 'ला'च्या मागे जा. आधी एक तण उपटा: 'गेला', 'पडला' यांतला 'ला' हा भूतकाळाचा, त्याचा आपल्याशी संबंध नाही. कागदावर रूपं सारखी दिसतात म्हणून ती एका कड्यात घालायची नाहीत.

वाक्यं मांडा.

दाराला मूठ आहे. टेबलाला चार पाय आहेत. मला दोन हात आहेत. मला दोन भाऊ आहेत. मला ताप आहे. मला भूक लागली. मला हे आवडतं. मी तिला पुस्तक दिलं. मी तिला पाहिलं. मी पुण्याला गेलो. मी पुण्याला राहतो. ती पाण्याला गेली. तो भाजी आणायला गेला. गाडी आठला आहे.

पहिली चार वाक्यं सावकाश वाचा. मूठ दाराला जोडलेली आहे, ही जागेची गोष्ट. पाय टेबलाला जोडलेले आहेत, पण ते टेबलाचा भागही आहेत. हात माझा भाग आहेत. भाऊ माझा भाग नाही, तरी त्याला माझ्यापासून सोडवता येत नाही. चार पावलांत आपण जागेतून मालकीत आलो आणि कुठेही उडी मारावी लागली नाही. आता 'मला दोन गाड्या आहेत' म्हणून पाहा. चालत नाही, 'माझ्याकडे' म्हणावं लागतं. सुटी करता येणारी मालमत्ता 'ला'च्या कड्याबाहेर. 'जडलेलं' ते 'ला', 'जवळ असलेलं' ते 'कडे', आणि ही सीमा भिंतीपासून भावकीपर्यंत एकसारखी चालते. विभक्तीच्या तक्त्यात हे दिसण्याची सोयच नाही.

'ताप आहे' हा पुढचा सांधा. ताप अंगाला चिकटलेलाही आहे आणि अनुभवलाही जातो. तिथून भूक, मग आवड, मग घेणारी व्यक्ती, मग जाण्याचं ठिकाण, मग हेतू. 'कामाला गेला' या वाक्यात ठिकाण आणि हेतू दोन्ही आहेत, म्हणून ते दोन ठिपके शेजारी ठेवायला हरकत नाही. हास्पेलमाथ यांनी २००३ च्या लेखात इंग्रजी 'टू' आणि फ्रेंच 'आ' यांना देणं, दिशा, अनुभव, हेतू अशाच ठिपक्यांच्या एका नकाशावर मांडलं होतं. तो नकाशा समोर ठेवून त्यावर 'ला'चं कडं काढलंत तर सुरुवात सोपी जाते.

कडं कुठे थांबतं तेही शोधा. 'मी आईला भाजी चिरली' चालत नाही. 'आईसाठी' हवं, नाहीतर 'चिरून दिली' असं 'देणं' वाक्यात आणावं लागतं. म्हणजे वस्तू हातात पडणार असेल तर 'ला', नुसतं भलं होणार असेल तर 'साठी'.

ठिपके शोधायला आणखी एक जुनी यादी हाताशी आहे. अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात पाणिनी 'सम्प्रदान' या एका नावाखाली निरनिराळे प्रसंग एकेक करून आणतो: ज्याला द्यायचं तो (१.४.३२), ज्याला आवडतं तो (१.४.३३), ज्याचं देणं आपण लागतो तो (१.४.३५), ज्याच्यावर राग तो (१.४.३७). पुढे २.३.१२ मध्ये जाण्याच्या ठिकाणाला द्वितीया आणि चतुर्थी दोन्ही चालतात असं सांगितलंय, 'ग्रामं गच्छति' आणि 'ग्रामाय गच्छति'. मराठी पहिल्या तिघांना 'ला' देते: तिला दिलं, तिला आवडतं, तिला शंभर रुपये देणं लागतो. चौथ्याला मात्र 'तिच्यावर' चिडावं लागतं. कडं कुठे आक्रसलं ते इथे बोटाने दाखवता येतं.

पायरी सातवी : शेजाऱ्यांना विचारा

एका भाषेवरून काढलेला नकाशा म्हणजे अजून नुसता अंदाज. दुसरी भाषा त्याची परीक्षा घेते, आणि आपल्याला परीक्षक शोधायला लांब जावं लागत नाही. हिंदीचा 'को' देणं, भूक, पाहणं इथे आपल्या 'ला'सोबत चालतो, पण भावांपाशी येऊन थांबतो: 'मेरे दो भाई हैं'. दाराला मूठ आहे हे सांगतानाही 'को' येत नाही. म्हणजे 'को'चं कडं 'ला'च्या कड्यातलं एका बाजूचं आहे. जोडलेलेपणाचं टोक त्याने घेतलेलंच नाही, आणि तरी ते सलग आहे. नकाशा टिकला. कन्नडमध्ये भाऊ सांगताना 'ननगे इब्बरु अण्णंदिरु इद्दारे', म्हणजे शब्दशः 'मला'च. भूकही 'ननगे'. आता कन्नड बोलणाऱ्या कुणाला दार-मूठ, झाड-फळ, सदरा-बटण ही चित्रं दाखवा आणि तिथेही तोच प्रत्यय येतो का ते लिहून घ्या.

सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचं नाव भाषाविज्ञानाच्या जगात माहीत आहे ते जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांच्या १९७१ च्या अभ्यासामुळे. तिथे मराठी, कन्नड आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्या. शब्द वेगळे राहिले, पण वाक्यरचना एकमेकींच्या इतक्या जवळ आल्या की शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करता यावं. सीमाभागात राहणाऱ्यांनी हा नकाशा गावातल्या दोन-तीन भाषांत काढला तर कुठलं कडं कुणाच्या दिशेने सरकलं ते पाहता येईल. परदेशात वाढलेल्या मराठी मुलांना विचारणार असाल तर अंगठी आणि चपला यांच्याकडे लक्ष ठेवा. इंग्रजीत दोन्ही 'ऑन', तेव्हा 'बोटावर अंगठी' कुणी म्हणतं का ते नोंदवा, आणि ऐकल्याबरोबर दुरुस्त करू नका.

अवजारांबद्दल थोडं

तक्त्यासाठी साधी स्प्रेडशीट, नकाशासाठी कागद. सुबक छापायचा असेल तर ग्राफव्हिझ किंवा गेफी ही मोफत सॉफ्टवेअर ठिपके-रेघा काढून देतात. कडी मात्र हाताने काढलेलीच बरी दिसतात. प्रत्ययांऐवजी पूर्ण शब्दांच्या अर्थांत रस असेल तर 'क्लिक्स' हा खुला माहितीसंच पाहा. कोणत्या भाषांमध्ये दोन कल्पनांना एकच शब्द आहे याची त्यात नोंद असते. मराठी 'हात' मनगटाच्या अलीकडे-पलीकडे दोन्हीकडे चालतो, 'पाय'ही तसाच, आणि असं करणाऱ्या भाषा जगात भरपूर आहेत हे तिथे लगेच दिसतं.

पुढचा सराव

'ला', 'वर', 'त' झाल्यावर 'कोणी'कडे वळा. तिथे ठिपके तयार आहेत, तुम्ही फक्त वाक्यं बनवायची आणि 'कोणी', 'कोणीतरी', 'कोणीही', 'कोणीच' यांतलं कुठलं बसतं ते तपासायचं. कोणीतरी आलंय वाटतं. कोणी आलं तर सांग. कोणी आलं होतं का? हे कोणीही सांगेल. कोणीच आलं नाही. चार-पाच जणांकडून तक्ता भरून घेतलात की हास्पेलमाथ यांच्या नऊ ठिपक्यांवर चारही कडी काढा. 'कोणी आलं तर' आणि 'कोणी आलं होतं का' या दोन ठिकाणी 'कोणी' आणि 'कोणीतरी' दोन्ही येतील. तिथे कडी एकमेकांवर चढू द्या आणि कोणत्या वाक्यात कोणतं रूप आधी तोंडात आलं ते शेजारी बारीक अक्षरात लिहून ठेवा.